खाते क्रमांक ४१७

उद्यमबागेत, भट्टीच्या मागच्या भिंतीला लागून
जिथं पूर्वी साच्याची वाळू भरून ठेवायचे
तिथं आता सर्वर आहे.
वाळू अजून निघते त्याच्या पंख्यातून.
दर शनिवारी मी ब्लोअरनं फुंकून काढते.

लायसन्सचे पैसे शून्य.
अष्टेकर मालकांना पटेना :
"फुकटचं टिकतंय होय गं?"
"टिकूलालंय की," मी म्हटलं.
सात वर्षं झाली त्याला.
दोन यूपीएस मेले, लिनक्स चालू आहे.
आणि फुकट म्हणाल, तर माझ्या रात्री
कुठल्याच बिलात धरलेल्या नाहीत.

मार्चअखेरीला डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेला.
सकाळी बिलं छापली, तर रक्कम बरोबर, जीएसटी बरोबर,
आणि नावाच्या जागी
????????
हलगेकर गेले, हुक्केरी गेले,
देवनागरी गेली तशी कानडीही गेली.
ज्या गावात पाटीवरचं कुठलं अक्षर वर
यावरून दगड उडतात
तिथं इतका निःपक्षपात
मी पहिल्यांदाच पाहिला.

रात्री दोनचा बॅकअप होता, म्हणून वाचले.
अक्षरसंच नीट सांगितला, परत भरलं,
नावं एकेक करून उगवली.
तेव्हा दिसलं :
४१७, ईरण्णा, कानडीत. येणे अडतीस हजार.
९०२, ईरण्णा, मराठीत. जमा चाळीस हजार.
फोन नंबर एकच.
सकाळी बसव्वा टाइप करायची, दुपारनंतर शशिकांत.
चार वर्षं आम्ही एका माणसाला
कानडीतून तगादा लावत होतो
आणि त्याचेच पैसे
मराठीत सांभाळत होतो.

बोलावलं. पंपाचा फुटका व्हॉल्व्ह पिशवीत घेऊनच आला.
"मी येकच हाय की, बाई."
दोन्ही खाती मिळवली, ४१७ ठेवला,
नावाला दोन रकाने केले, शेजारी शेजारी.
स्क्रीन त्याच्याकडं वळवला.

चष्मा कपाळावर सरकवून
त्यानं आधी एक रकाना वाचला, मग दुसरा.
मला वाटलं, आता विचारेल
पहिलं कुठलं.
म्हणाला, "मुनवळ्ळी लिवायचं हाय.
दोन्हीकडं ळ खाल्लायसा."

पलीकडं लोखंड ओतत होते, भिंत तापलेली.
मी ळ घातला. इकडं एक, तिकडं एक.
पडद्यावर उत्तर आलं :
बदललेल्या ओळी, १.