झटका

व्हॉल्व्ह बॉडी उघडून ठेवलीय जुन्या चादरीवर.
छर्रे मोजले, सात. मागच्या खेपेला
एक मांजराने पळवला, तेव्हापासून शटर अर्धं खाली.

तेल काळं, करपलेल्या शेंगांचा वास.
कंपनीने गिअर असा बदलायला शिकवला
की मागे बसलेल्याची झोप मोडू नये;
म्हणून क्लच हळूच धरतो, घसरतो,
आणि दर खेपेला थोडा जळतो.

भोक वाढवलं, केसभर.
स्प्रिंग कडक घातली, एक प्लेट जास्तीची,
पुढे जाळीमागे कूलर: इथला मे महिना
तेलालाही सोसत नाही.

यमूलशेठ म्हणाले, झटका बसतोय रे.
म्हटलं, बसू द्या.
बापाच्या मागावर धोटा कधी हळू गेला नाही;
हळू गेला की मध्येच अडकायचा
आणि सगळा ताणा तोडायचा.

होटगी रोडला रिकाम्यात पाय दाबला.
दुसरा. तिसरा. थाड!
शेठच्या मांडीवरचा पानाचा डबा
थेट डॅशबोर्डवर.

घरी मात्र मी अजून
गोष्ट हळूच धरतो, सोडतो.
माग भंगारात गेले,
हे आईला मार्चपासून सांगतोय.