पन्नास फूट

पत्रात लिहिलं होतं: घरापासून पन्नास फूट लांब उभी करा,
ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करू नका,
रात्री तर मुळीच नको.
मी टेप घेऊन अंगण मोजलं.
त्रेचाळीस फुटांवर एडना क्विस्टचं कुंपण लागलं.
म्हणजे गाडी माझ्यापासून लांब नेली
की तिच्या उशाशी जाणार.

शेवटी चर्चच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे
वाळीत टाकल्यासारखी उभी राहिली ती,
डुलुथच्या जानेवारीत, उणे चोवीसात.
रोज सकाळी बूट चढवून मी तिकडे चालत जायचे,
आजाऱ्याला बघायला जावं तशी.
बर्फ खरवडायचा, हातमोजा काढायचा,
पत्र्यावर तळवा ठेवून बघायचं
अंगात ताप आहे का.

सातव्या फोनला मारिसोल नावाची मुलगी लागली.
आवाज दमलेला, वाक्यं कंपनीची.
"आपल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे, मिसेस हापाला."
मी म्हटलं, तो रकमेखाली वेगळ्या ओळीत लिही.
ती हसली नाही. फोन रेकॉर्ड होत असावा.

पहिला देकार: त्यांच्याच नव्या गाडीवर तीन हजारांची सूट.
म्हणजे ज्यानं दूध नासवलं
त्याच्याचकडून दही विकत घ्यायचं.

दुसरा: गाडी परत घेऊ,
पण एकतीस हजार मैलांची झीज वजा.
तेव्हा मी वही काढली.
सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली आहे,
मैल लिहिल्याशिवाय किल्ली खिशात जात नाही माझी.

"नऊ हजार दोनशे चौदा," मी म्हटलं.
"तिथवर ती बिनघोर चालली. तेवढे कापा.
आर्वोला डायलिसिसला नेताना
इतकी गुळगुळीत जायची, की तो वळणावरच घोरायला लागायचा.
ते मैल आम्ही पुरेपूर वापरले, त्यांचा एक डॉलरही नको.
मग तुमचं पत्र आलं.
त्यानंतर तो झोपला नाही.
मी चालवायचे,
आणि तो काच खाली करून वास घेत बसायचा,
हिवाळ्यातसुद्धा.
ती झीज गाडीची नव्हे, मारिसोल."

पलीकडे कीबोर्ड थांबला.
"मी वर विचारते," ती म्हणाली.
वर कोण असतं देव जाणे. मार्च उजाडला.

वरच्यांनी नऊ हजार मान्य केले.
अडलं ते भिंतीतल्या चार्जरवर.
टोइव्होनं नवी वायर ओढली होती, बिल अकराशे ऐंशी.
"तो गाडीचा भाग नाही, मॅडम."
मग कशाचा आहे? त्यावर टोस्टर लावू?
निम्म्यावर आले. पाचशे नव्वद.
मी हो म्हणणार होते.
पण नवव्या पानावर, बारीक अक्षरांत, एक कलम होतं:
या तडजोडीची कुठेही वाच्यता करणार नाही.

रात्रभर तो कागद फ्रिजवर लावून ठेवला.
सकाळी कळवलं:
पाचशे नव्वद तुम्हालाच राहू देत,
हे कलम काढा.
एडनानं मला वेड्यात काढलं.
तिच्या मते, एवढ्या पैशांत मी गप्प बसणं स्वस्तच होतं.

ट्रक आला तेव्हा बर्फ वितळत होता.
गाडी उचलली, खाली
तिच्या मापाची कोरडी जागा उरली.
ड्रायव्हरनं विचारलं, आत काही राहिलंय का?
आर्वोचा चष्मा पुसायचा फडका होता. घेतला.

त्याच संध्याकाळी अनोळखी नंबरावरून फोन.
मारिसोल. या वेळी वाक्यं तिची स्वतःची.
"माझ्या भावाकडे हीच गाडी आहे.
तिसऱ्या मजल्यावर राहतो, गाडी इमारतीच्या तळघरात.
पन्नास फूट आणायचे कुठून त्यानं?"

ते मलाही ठाऊक नव्हतं.
मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता खाली जाऊन
मैलांचा आकडा लिहून ठेव म्हणावं.
आणि तारीख.
शाईनं.