पूल आला की

ईरी सोडलं तेव्हा पहाटेचे पावणेपाच.
विंचवाचं बिऱ्हाड निदान त्याच्या पाठीवर तरी मावतं,
माझं भाड्याच्या ट्रकातही मावेना.
शेवटी इस्त्रीचा टेबल फुटपाथवर ठेवला,
"न्या कोणीही" अशी चिठ्ठी लावून.
तुझ्या भावाने दोरीला अशी गाठ मारली
की पुढे ती सोडवायला मला पावाची सुरी लागली.

सीटवर आपल्या दोघींच्या मधे
लिंबाचं झाड, कुंडीसकट, पट्टा बांधलेलं.
"गप्प बसणारा एक तरी माणूस हवाच,"
तू म्हणालीस.

वर्ना, तुला पुलांची भीती वाटते
हे मला तेवीस वर्षांत कळलं नव्हतं.
कुंपणावरून काय नाही दिलं-घेतलं आपण:
अंडी, शिडी, तुझ्या धाकट्याचा डांग्या खोकला,
माझ्या नवऱ्याच्या जाण्याची बातमी,
तीही तूच आधी मला दिलीस.
पण हे नाही.

क्लीव्हलंडच्या नदीआधी गाडी कडेला घेतलीस.
इंडिकेटर टिकटिकत होता.
स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणालीस,
"आता तू."
मी काही विचारलं नाही.
उतरलो, ट्रकला वळसा घातला,
समोरासमोर आलो तेव्हा तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.

मग तो नियमच झाला.
पाटी दिसली की जागा बदलायची.
लहान ओढ्यांवरून मात्र तू जायचीस,
श्वास धरून, ओठ हलवत,
मला वाटलं प्रार्थना,
तर तू खांब मोजत होतीस.

ला क्रॉसला मिसिसिपी.
तू डोळे मिटून लिंबाचं खोड धरलंस.
"संपला?"
खाली जमीन दिसली म्हणून मी म्हटलं, संपला.
ते बेट होतं.
पुढचा अर्धा पूल
तू तुझ्या आजीच्या पोलिश शिव्या
एकही न गाळता मला ऐकवल्यास.

मिनेसोटात पवनचक्क्या, मका, पवनचक्क्या.
पेट्रोल भरताना एका म्हाताऱ्याने विचारलं,
सामान कोणाचं?
"हिचं."
आणि तुमचं?
तू पर्स वर करून दाखवलीस.
तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं
की तू परत जाणार आहेस.

म्हणजे माहीत होतं. तिकीट मीच काढलं होतं.

चेंबरलेनला मिझुरी.
टेकडीवरून खाली एवढं पाणी,
आणि पलीकडे नुसतं गवत, नुसतं आभाळ.
जागा आधीच बदललेल्या होत्या.
किल्ली माझ्या हातात.
आणि मला ती फिरवता येईना.

तू समजूत घातली नाहीस.
डबा उघडून उकडलेलं अंडं सोललंस,
मीठ विसरलो होतो.
चाळीस मिनिटं आपण नदीकडे पाठ करून बसलो.
मुलांनी भरलेली एक बस आली, गेली.
तू म्हणालीस, "मी चालवणार नाही हं.
तुझ्यासाठीसुद्धा नाही."
त्यावर मला हसू आलं, मग रडू,
मग वारा इतका सुटला की कुंडी पडायला आली,
आणि कुणीतरी ट्रक हलवणं भाग होतं.

मिझुलात तू दोन दिवस राहिलीस.
पडदे लावलेस, फार वर.
विमानतळावर तू घाईत होतीस, मीही घाई दाखवली.

लिंबाची अर्धी पानं गळली. उरलेली आहेत.
कामावर जाताना रोज नदी लागते,
छोटीच, उन्हाळ्यात मुलं गुडघाभर पाण्यात उभी असतात.
पूल आला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो,
मी जरा कडेला घेते.
मागचे हॉर्न वाजवतात.
वाजवू देत.