तुमीचा बाप

वोनोसोबोच्या पासपोर्ट कचेरीत
आईचा नंबर एकशे सात.
पहाटे केळीच्या पानांत टेम्पे बांधूनच निघालेली,
बोटांना अजून तो आंबूस वास.
काचेमागचा मुलगा, हनुवटीवर मोजून चार केस,
पुन्हा विचारतो, "पूर्ण नाव?"
"तुमिरा."
"पुढे?"
"पुढे काही नाही. तुमिराच."

उम्राला जायचं तर तीन शब्द हवेत, तो म्हणतो.
स्वतःचं, बापाचं, आजोबांचं.
आई माझ्याकडे बघते,
जणू पावशेर मागितलं
आणि कुणी तीन किलो गळ्यात मारलं.

"बापाचं कुठलं सांगू?
जन्मल्यावर सुर्योनो होता.
सातव्या वर्षी तापानं फणफणला,
तेव्हा गावातल्या जाणत्यानं कपाळाला हात लावून सांगितलं,
पोराला नाव जड झालंय, उतरवा.
उतरवलं. तुकिमान म्हणायला लागले. ताप गेला.
मग लग्नात, रीतच आहे, मोठेपणाचं नवं:
मार्तोदिक्रोमो.
ते त्याच्या अंगावर कधी बसलंच नाही,
सणाच्या कोटासारखं पेटीत राहिलं."

मुलगा पेन टेकवून थांबलेला.
मागे एकशे आठ खोकतोय.
"जन्मदाखल्यावर काय आहे?"
दाखला मीच काढलाय तिचा, तीन वर्षांपूर्वी.
तारीख एकतीस डिसेंबर,
कारण कचेरीला कुठलीतरी तारीख हवी होती
आणि आईला एवढंच ठाऊक, की मका दाण्यावर आला होता.
"मार्तोदिक्रोमो," मी म्हणते. "आणि आजोबा वोंगसोरेजो."
त्याला पुरावा म्हणजे मामाची आठवण
आणि तिच्यावर गावप्रमुखाचा ओलसर शिक्का.

तो टाइप करतो, स्क्रीन आमच्याकडे वळवतो:
तुमिरा मार्तोदिक्रोमो वोंगसोरेजो.
आईला वाचता येत नाही, ती लांबी बघते.
"एवढ्या जणांचं तिकीट कोण काढणार?"

फोटो. चष्मा काढा. मान सरळ.
उजवा अंगठा यंत्राला सापडत नाही,
पदराला पुसून पुन्हा, थुंकी लावून पुन्हा,
शेवटी मिळतो, अर्धामुर्धा.

बाहेर टपरीवर आल्याचा चहा.
कपात बघता बघता ती एकदम हसते.
"अगं, पण यातल्या एकाही नावानं
त्याला कुणी हाक मारली नाही.
मी झाले त्या दिवसापासून तो पाक तुम.
तुमीचा बाप.
शेतावर, मशिदीत, वाण्याच्या उधारीच्या वहीत,
भांडणातसुद्धा: ए तुमीच्या बापा, पाण्याची पाळी आमची आहे!
माझ्या पाठीवर पाच झाली,
तरी त्याला नाव लागलं ते माझंच.
दवाखान्यात नर्सनं तुकिमान, तुकिमान म्हणून घसा फोडला,
हा समोरच्या बाकावर बसून
दुसऱ्या कुणाची तरी कीव करत होता."

चहा निवतो. टेम्पोत कोबी भरताहेत.
ती बोटांवर काहीतरी मोजते.
"एक्केचाळीस वर्षं वाहिलंन माझं नाव.
हमाली मागितली नाही कधी.
या पुस्तकाची मुदत किती म्हणालीस?"
"दहा वर्षं."
"मग होईल तेवढं फेडते."

बसमध्ये मात्र तिला घोर लागतो.
जेद्दाच्या विमानतळावर पुकारा झाला
तर पहिल्या शब्दाला उठायचं,
की तिन्ही संपेपर्यंत थांबायचं?
आणि कुणी विचारलं, बाकीचे दोघे कुठे?

म्हणून वळणावळणाच्या त्या घाटात
मी तिची तालीम घेते.
मोठ्यानं, साहेबी आवाजात:
तुमिरा मार्तोदिक्रोमो वोंगसोरेजो!

दर वेळी ती आधी वळून मागच्या सीटकडे बघते.
मग हात वर करते.