ताळा

दुसरी ब. पटावर तीस,
हजर एकोणतीस.
आकडा फळ्यावर मांडते, खाली अक्षरी लिहिते
आणि दर वेळी वाटतं, काय भाषा आहे आपली,
जो आला नाही त्याला आधी मोजते.
निहार आजही नाही. वडिलांबरोबर बंदरावर गेला,
त्याची बहीण सांगते
आणि बोटाने फरशीवर होडी काढते.

पहिला तास वाचनाचा.
खिडकीच्या गजांना बांधलेल्या सुतळीवर
गोष्टींची पुस्तकं वाळत घातलेली,
पलीकडे खारदांड्याच्या वलांडीवर बोंबील.
वारा दोन्ही उलटून बघतो.
बसवराज उभा राहतो. घरी कानडी, गल्लीत हिंदी,
इथे माझ्यासमोर मराठी. बोट पुढे, आवाज मागे.
"चिमणी... घ, रा, त... घरात... परात आली."
वर्ग फुटतो.
परात नाही रे, परत. काना कुठे दिसला तुला?
तो पुस्तक नाकाशी नेऊन शोधतो,
सापडतो त्याला, एक शब्द मागे,
'घरात'मधला. तोच त्याने पुढे हातचा धरलेला.

दुसरा तास गणिताचा.
कुल्फीच्या काड्या, गाडीवाल्याकडून जमवलेल्या,
दोनदा धुतल्या तरी मलईचा वास न सोडणाऱ्या.
दहाची जुडी, मेथीसारखी, वर रबर.
बावन्न वजा सत्तावीस.
पुस्तक आता म्हणतं पन्नास दोन वजा वीस सात,
मुलं दोन्ही म्हणतात,
अडखळते ती माझी जीभ.
दोनातून सात जात नाहीत. मग काय करायचं?
"शेजारी जायचं!" सगळे ओरडतात.
दशकाच्या घरून एक जुडी उसनी घ्यायची,
रबर काढायचं, झाले बारा.
बारातून सात गेले, उरले पाच.
चारातून दोन गेले, उरले दोन.
पंचवीस. शाब्बास.

नेत्रा वैतीचं बोट वर.
"बाई, परत कधी द्यायचा?"
काय गं?
"उसना घेतला ना? तो परत कधी द्यायचा?"

सतरा वर्षं वजाबाकी शिकवते मी.
कुणी हे विचारलं नव्हतं, मीही नाही.
"आमच्या आईने शेवंतामावशीची परात आणलीय,
पाहुणे होते. चार दिवस झाले.
मावशी दारातून जाते तेव्हा आई आत बघते."
मी म्हणाले, अगं, ही गणितातली उसनवारी.
तिने मान हलवली,
पण वहीत उत्तर लिहिलं नाही.

मग मी, उगाच, वेळ काढायला म्हणून,
ताळा करायला सांगितला.
पंचवीस अधिक सत्तावीस.
पाच आणि सात बारा. दोन खाली.
नेत्राने दहा काड्या गोळा केल्या, रबर चढवलं,
जुडी हातात घेऊन थांबली.
"ही कुठे?"
तूच सांग.
तिने ती उचलून दशकाच्या घरात ठेवली,
हळूच, जशी कुणाच्या ओट्यावर वस्तू ठेवतात,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"दिला."

शाळा सुटल्यावर काड्या मोजल्या: नव्याण्णव.
एक कुणाच्या तरी खिशात गेली. असू दे.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आत ती टेबलाशी.
"आईने परात परत दिली."
मागच्या बाकावर बसवराजने मान वर केली,
ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं,
एकदा काना देऊन, एकदा न देता.
"पण रिकामी नाय दिली, बाई. रिकामी देत नायत.
मूठभर जवळा टाकला."

फळ्यावर कालचीच घरं होती, पुसायची राहिलेली.
दशक. एकक.
मी खडू धरून उभी,
मूठभर जवळा कुठे मांडायचा ते बघत.
तेवढ्यात निहार दारात आला,
चप्पल हातात, पाय ओले,
म्हणाला, "बाई, आत येऊ?"