चेसीवरचा आकडा

सकाळी आठला फुलेनगरच्या मैदानात
रिक्षांच्या रांगेत माझी येझदी,
आणि रांगेत बाई मी एकटीच.
"कुणाची गाडी, ताई?"
"माझीच."
"नाही, म्हणजे चालवतं कोण?"
मी हेल्मेट वर करून दाखवलं.

शेळकंदे साहेबांच्या हातात छापील कागद.
हॉर्न: आहे. (म्हैस रेकल्यासारखा, पण आहे.)
पुढचा दिवा: लागतो.
मागचा ब्रेक: बरा.
स्पीडोमीटर: काटा चाळिसावर बसलाय
अठ्ठ्याऐंशी सालापासून.
मी म्हटलं, साहेब, आमच्या घरात
त्याहून जोरात कुणी गेलेलंच नाही.
ते हसले नाहीत. 'चालत नाही' असं लिहिलं.

"सुरू करा."
हिची किक आणि गिअर एकाच दांडीत,
आत दाबून वर फिरवली तर किक, खाली आणली तर गिअर.
घरातल्या थोरल्या सुनेसारखं, सगळं तिलाच.
रिक्षावाले मोजायला लागले.
सात. आठ. "ताई, दमानं."
अकराव्याला एक ठसका, पांढरा धूर,
आणि मग तिची ती चाल,
डब्यात चिंचोके हलवावेत तशी.
मागून कुणीतरी टाळी वाजवली.

"आता चेसी नंबर."
कागद धरायचा, वरून शिसपेन्सिल घासायची,
शाळेत चार आण्याच्या नाण्यावर घासायचो तशी.
सगळे आकडे उमटले. शेवटून दुसरा रुसला.
एक म्हणाल तर एक, सात म्हणाल तर सात.
"पुस्तकात सात आहे, लोखंडात एक दिसतोय."
"रंगाचे थर आहेत साहेब."
"मग काढा."

इलियासनं डिकीत पॉलिशपेपरचा तुकडा टाकून दिला होता,
लागेल म्हणाला होता, त्याला सगळं आधी कळतं.
काळा निघाला, माझाच, ब्रशचे फराटे दिसणारा.
खाली मरून. तो अण्णांचा.
खडकीच्या कारखान्यात पहिली पाळी, हँडलला डबा,
आणि परतताना कधी बसून, कधी ढकलत.
आई म्हणायची, येते हो गाडी,
पण कधी येईल ते विचारू नये.

मरूनच्या खाली निळा.

मी थांबले.
निळी कधी होती ही?
अण्णा सांगायचे, शोरूममधून काढली, कोरी करकरीत.
पाहुण्यांना सांगायचे, मला सांगायचे,
आईला तर दर पाडव्याला.
मूळ पुस्तक वाळवीनं खाल्लं, असंही तेच सांगायचे.
डुप्लिकेटवर त्यांचं एकट्याचं नाव.
आणि कोऱ्या गाडीसाठी आईनं
दोन्ही पाटल्या मोडल्या होत्या.

जुनी किती स्वस्त मिळाली असेल तेव्हा?
उरलेल्याचं काय केलं, अण्णा?

"घासा ना," शेळकंदे म्हणाले.
मी घासलं. सातची वरची दांडी
निळ्याच्याही खालून वर आली.
त्यांनी अंगठ्यानं पुसून पाहिली.
"बरोबर. खरी आहे गाडी."
मी म्हटलं, हो.

निकाल: नापास. स्पीडोमीटर दुरुस्त करून
आठ दिवसांत परत आणा.
भरवशाचा रकाना कागदावर नव्हताच.

होळकर पुलावर बंद पडली.
मागून पीएमटीचा हॉर्न, एक सभ्य शिवी.
मी उतरले नाही. हात आपोआप टाकीखाली गेला,
कॉक रिझर्व्हला.
आधी पेट्रोल बघ, मग तिला बोल लाव.
हे मात्र त्यांनी खरं सांगितलेलं.

पहिल्या किकला सुरू.
काटा चाळिसावर, हँडलखाली
रुपयाएवढा निळा उघडा.
इलियास बघेल, विचारेल, ताई, इथं कुठला रंग मारू?

आधी स्पीडोमीटरचं बघ म्हणावं.