टेनर नेहमीच कमी असतात

विल्यांदीच्या संस्कृतिभवनात मंगळवारी तालीम असते.
बावीस वर्षं मी पहिल्या रांगेत, डावीकडून चौथी.
तार सप्तकात जिथे बाकीच्या डोळे मिटून घ्यायच्या
तिथे मी उघड्या डोळ्यांनी जायचे.

ऑक्टोबरात तो सूर आला नाही.
सर्दी असेल, उर्वे म्हणाली, काळा मुळा मधात घालून घे.
घेतला. पंधरा दिवस घराला मुळ्याचा वास.
डिसेंबरात मी अल्टोंच्या घोळक्यात, नव्या सुनेसारखी.

हनुवटीवर एक केस, काळा, ताठ.
उपटला. त्याने भावंडं बोलावली.
लाकूडतोड सुरू झाली की रान मागे सरकतं
तसे कपाळावरचे केस.
पाळी थांबली. मी चव्वेचाळीस.
वय झालं, असं मी सांगत सुटले
कोणी विचारलेलं नसताना.

वीज कंपनीतला पोरगा फोनवर म्हणाला,
महाशय, मीटरचा आकडा सांगा.
सांगितला.
महाशयांच्याच आवाजात.

तार्तूच्या डॉक्टर कैये यांनीही एक आकडा दाखवला.
एखाद्या पुरुषाच्या रक्तात शोभला असता.
डाव्या बीजकोशात गाठ, वाटाण्याहून जराशी मोठी.
एवढीशी?
एवढीशी पुरते, त्या म्हणाल्या.

मार्चमध्ये काढली. आकडा उतरला,
कपाळावर लव आली, पिलाच्या अंगावर येते तशी.
हनुवटी काही ऐकेना, चिमटा पर्समध्येच असतो.
आणि आवाज?
स्वरतंतू एकदा जाड झाले की जाडच, असं म्हणून
डॉक्टर खिडकीबाहेर वितळणारा बर्फ बघत बसल्या,
जणू त्यांच्याच हातून काही सांडलं होतं.

टेनर नेहमीच कमी असतात, उर्वे म्हणाली.
सांत्वन नव्हतं, हिशेब होता. मला तेच बरं वाटलं.
आता तिसरी रांग. एकीकडे पोस्टातला आर्वो,
दुसरीकडे सुतार हेल्दुर,
विजारींच्या मध्ये माझा पट्ट्यापट्ट्यांचा घागरा.
पहिल्या दिवशी आर्वो अर्धं पाऊल सरकला
आणि त्याने माझ्याकडे बघितलं नाही.
त्याचे उपकार कसे फेडू?
सूर पूर्वी कपाळात वाजायचा, आता बरगड्यांत.
आवडतो का, विचारू नका.
काही मंगळवारी, हो.

आई पार्नूच्या वृद्धाश्रमात. डोळे गेलेत,
माणसं येऊनजाऊन असतात.
जूनमध्ये गेले, म्हटलं, आई.
तिने मान वळवली. कित्येक महिन्यांत
इतक्या झटकन वळवली नव्हती.
आलास?
हात चाचपडत माझ्या हनुवटीशी आला, थांबला.
दाढी वाढलीय तुझी, म्हणाली, खूश होऊन.
बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.

होडी बांधलीस ना? रात्री वारा सुटणार आहे.

मी खुर्ची जवळ ओढली.
बांधली.

गाठी किती?

दोन.